काम थांबले, दुखणे वाढले: डिचोलीतील एका टिप्परचालकाच्या कंबरदुखीचे प्रकरण

नोव्हेंबर २०२२ मध्ये माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आलेले हे गृहस्थ ५१ वर्षांचे होते आणि त्यांच्या कंबरदुखीला ११ वर्षे झाली होती. गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यात त्यांनी १९९४ पासून टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, चालवला. पुढे कर्ज काढून स्वतःचा घेतला. त्यांच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. कंबरेला ते ‘पेंकट’ म्हणत, आमच्या भागात बहुतेक सगळेच म्हणतात. पहिल्या भेटीत त्यांनी उच्चारलेले वाक्य मी तसेच टिपून ठेवले होते: ‘डॉक्टर, पेंकटात गॅप आलाय, तो भरून काढता येतो का बघा.’

हा ‘गॅप’ एमआरआयच्या अहवालात कुठेही नव्हता. २०१९ च्या त्या अहवालात चौथ्या आणि पाचव्या कटिमणक्यांमधल्या चकतीची झीज, चकतीचा थोडा फुगवटा आणि नसेवर दाब नसल्याची नोंद एवढेच लिहिलेले होते. मात्र फिल्म उजेडात धरून कोणीतरी त्यांना बोटाने ती जागा दाखवली होती, आणि तेव्हापासून आपली कंबर आतून मोडलेली आहे, जरा वाकलो तर उरलेलीही मोडेल, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या मणक्यांच्या छायाचित्रणाचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात पन्नाशीच्या माणसांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या आणि ६० टक्क्यांच्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे या गृहस्थांच्या फिल्ममध्ये जे दिसत होते, ते त्यांच्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या शेजाऱ्याच्या फिल्ममध्येही दिसण्याची शक्यता मोठी होती. ही गोष्ट त्यांना ११ वर्षांत कोणी सांगितली नव्हती, आणि पहिल्या भेटीत मीही ती नीट सांगितली नाही.

प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या फाइलीत ट्रॅक्शन, शेक, मणक्यात दोन इंजेक्शने, चार वर्षे वापरलेला कंबरेचा पट्टा, ट्रामाडॉल आणि प्रीगाबालिन ही वेदनेवरची औषधे असा सारा प्रवास होता. एका ठिकाणी शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला होता. पैशांअभावी ती टळली. धोक्याची लक्षणे मी काळजीपूर्वक तपासली. वजन घटलेले नव्हते, ताप नव्हता, लघवी-शौचावरचा ताबा आणि बैठकीच्या जागेची संवेदना शाबूत होती, पायांची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया दोन्हीकडे सारख्या होत्या, रक्ताच्या तपासण्यांत दाहाची खूण नव्हती. सरळ पाय उचलल्यावर कंबर दुखे, पण पायात कळ उतरत नसे. एवढे पाहून मी ‘जुनाट यांत्रिक कंबरदुखी, स्नायूंची कमजोरी’ असे निदान लिहिले आणि पोटा-पाठीच्या स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम, ताण देणे आणि खोल मालीश असा सहा आठवड्यांचा कार्यक्रम आखला.

त्या सहा आठवड्यांत त्यांची प्रकृती बिघडली. प्रत्येक सत्रानंतर दोन-तीन दिवस अंग ठणकत राही, मालीश केलेली जागा दुसऱ्या दिवशी हात लावू देत नसे. चौथ्या आठवड्यात ते दहा दिवस आलेच नाहीत. परत आले ते पत्नीसोबत, आणि त्या बाईंनी मला सरळ विचारले, ‘व्यायामाने माणूस बरा होतो म्हणतात, मग यांचे उलटे का होते?’ तो प्रश्न योग्य होता. दहा मिनिटे अंग ताणले म्हणून तीन दिवस दुखावे, असे प्रमाण स्नायू किंवा चकतीच्या हिशेबात बसत नाही. मी कार्यक्रम थांबवला आणि सगळी हकिगत पहिल्यापासून पुन्हा विचारली.

या वेळी कागदावर आडवी रेघ ओढून तिच्यावर वर्षे मांडली. २०११ मध्ये टायर बदलताना जॅकखाली वाकलेले असताना उसण भरली. दोन आठवडे विश्रांती घेऊन ते पुन्हा गाडीवर चढले आणि पुढचे वर्षभर दुखणे अधूनमधूनच होते. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाचे उत्खनन आणि वाहतूक थांबवली, आणि टिप्पर अंगणात उभा राहिला. साध्या हिशेबाने पाहता इथून पुढे कंबरेला आराम पडायला हवा होता. दिवसभर अंगात भिनणारी गाडीची थरथर हे कंबरदुखीचे मान्य झालेले कारण आहे, आणि ती थरथर, खड्डे, क्लच, खेपांची घाई, सगळे एका दिवसात थांबले होते. परंतु झाले ते उलट: वर्षभरात दुखणे रोजचे झाले. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत उत्खननाला परवानगी दिली, पुढे काही हंगाम त्यांना खेपा मिळाल्या, आणि गाडी चालवत असतानाच कंबर बरी होती असे ते स्वतः म्हणाले. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले, १६ मार्चपासून काम पुन्हा बंद पडले, टिप्पर पडत्या भावाने विकावा लागला तरी कर्जाचे हप्ते उरलेच. त्यानंतरच्या दोन वर्षांत दुखणे कंबरेतून दोन्ही कुल्ल्यांत, पाठीवर, खांद्यांत आणि मानेत पसरले.

भार कमी झाला की दुखणे वाढते आणि भार परतला की ते उतरते, अशी ती रेघ सांगत होती. ती पहिल्याच दिवशी ओढली असती तर त्यांचे सहा आठवड्यांचे हाल टळले असते.

मग इतरही गोष्टी पुढे आल्या, ज्या विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. रात्री दोनच्या आधी झोप लागत नव्हती. भांड्यांचा आवाज आणि ट्यूबलाइटचा उजेड सहन होत नव्हता. पॅन्टचे वरचे बटण ते उघडे ठेवत आणि त्यावर सदरा सोडत, कारण कमरपट्टीचा नुसता स्पर्श चटका दिल्यासारखा वाटे. चार वर्षे वापरलेला पट्टा त्यांनी याच कारणाने टाकून दिला होता. रस्त्यावरून एखादा टिप्पर गेला की त्याच्या आवाजाने कंबर आवळते, हेही त्यांनी खाली मान घालून, जणू गुन्हा कबूल करावा तसे सांगितले. मनःस्थितीविषयी विचारताना जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा विचार येतो का, हेही मी स्पष्ट शब्दांत विचारले. तसा विचार नव्हता. नैराश्य मात्र होते.

पुढची तपासणी कंबरेपासून मुद्दाम दूर केली. हाताच्या मागच्या बाजूला नायलॉनच्या बारीक तंतूने सेकंदाला एक या गतीने अर्धा मिनिट टोचले. पहिल्या टोचणीला त्यांनी दहापैकी दोन गुण दिले, शेवटच्या टोचणीला सात. टोचणी तीच, जागा तीच, दाब तोच; वाढली ती फक्त वेदना, आणि टोचणे थांबल्यावरही ती पाऊण मिनिट रेंगाळली. अंगठ्याच्या नखावर दाबमापकाने हळूहळू दाब वाढवला, तेव्हा मी तपासलेल्या त्यांच्या वयाच्या निरोगी माणसांना जेवढा दाब लागतो त्याच्या साधारण निम्म्यालाच त्यांनी ‘पुरे’ म्हटले. तिसरी चाचणी बर्फाच्या पाण्याची. मासळी बाजारातून आणलेला बर्फ बादलीत टाकून एक हात त्यात बुडवायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर पुन्हा दाब मोजायचा. एका ठिकाणची वेदना दुसरीकडची वेदना दाबून टाकते, म्हणून निरोगी माणसाची सहनशक्ती अशा वेळी सहसा वाढते. त्यांची घटली.

अंगठ्याला कधी इजा झाली नव्हती, तिथली चकती सरकलेली नव्हती. तरीही तो कंबरेसारखाच वागत होता, याचा अर्थ बिघाड वेदनेच्या वाटेत वर कुठेतरी, मज्जारज्जू आणि मेंदूत होता. याच अवस्थेला सेंट्रल सेन्सिटायझेशन, म्हणजे मध्यवर्ती चेतासंस्थेची वाढलेली संवेदनशीलता, म्हणतात. २००४ च्या एका अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन मेंदूचे चित्रण केले, तेव्हा तेवढ्याच दाबाने या रुग्णांना निरोगी माणसांपेक्षा जास्त दुखले आणि त्यांच्या मेंदूतील वेदनेशी संबंधित अधिक भाग उद्दीपित झालेले दिसले होते. माझ्याकडे तसले यंत्र नाही, पण अंगठा तपासण्याची कल्पना तिथलीच.

ही संवेदनशीलता वाढते कशी, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. कंबरेच्या ऊतींतले वेदनाग्राही तंतू मज्जारज्जूच्या मागच्या शृंगात येऊन पुढच्या चेतापेशीला निरोप देतात, आणि त्यासाठी ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही रसायने सोडतात. पुढच्या पेशीवर एनएमडीए नावाचे एक प्रकारचे ग्राहक असतात. एरवी त्यांच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो, म्हणून तुरळक निरोपाने ते उघडत नाहीत. निरोप जोराने आणि पुन्हापुन्हा येत राहिले की बूच निघते, कॅल्शियम पेशीत शिरते, आणि ती पेशी पुढे कमी निरोपालाही मोठा प्रतिसाद देऊ लागते. तिचा संवेदनेचा इलाखा पसरतो, म्हणून दुखणे मूळ जागेबाहेर जाते. साध्या स्पर्शाचे तंतूही तिला चेतवू लागतात, म्हणून कमरपट्टी चटका देते. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की इजेनंतरच्या अतिसंवेदनशीलतेचा एक भाग इजा झालेल्या जागी नसून मज्जारज्जूत असतो. या विषयाची सुरुवात तिथून धरली जाते.

याला दुसरी बाजू आहे, आणि या गृहस्थांच्या बाबतीत मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. मेंदूच्या खोडातून मज्जारज्जूकडे उतरणारे मार्ग सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिनच्या साहाय्याने वेदनेचे निरोप अडवू शकतात, तसेच वाढवूही शकतात. अपुरी झोप, सततची धास्ती, आपली कंबर मोडलेली आहे ही समजूत, या सगळ्यांनी तो तोल वाढवण्याच्या बाजूला झुकतो. बर्फाच्या बादलीत दिसला तो याच अडवणाऱ्या मार्गाचा दुबळेपणा. २०१२ मध्ये भार गेला, पण त्याच दिवशी झोप आणि निश्चिंतीही गेली. कामामुळे मिळणारी हालचाल, मित्र, घरात असलेले स्थान हेही गेले.

इथे एक सावधगिरीची गोष्ट व्यवसायबंधूंसाठी. हा शब्द अलीकडे फार सैलपणे वापरला जातो. कारण सापडले नाही की सेंट्रल सेन्सिटायझेशन लिहून मोकळे व्हायचे. प्रत्येक जुनाट कंबरदुखीत ही अवस्था नसते. पंचवीस प्रश्नांची सेंट्रल सेन्सिटायझेशन इन्व्हेंटरी २०१२ पासून वापरात आहे, तिच्यात शंभरपैकी ४० किंवा अधिक गुण सूचक मानतात. या गृहस्थांचे ६१ आले. पण ही प्रश्नावली चेतापेशी मोजत नाही, तिचे गुण प्रत्यक्ष संवेदन-चाचण्यांपेक्षा चिंता आणि नैराश्याशी अधिक जुळतात, आणि प्रश्न मी मराठीत तोंडी वाचून दाखवले होते. म्हणून तो आकडा मी आधार म्हणून धरला, पुरावा म्हणून नाही. ऊतींच्या इजेची वेदना आणि नसेच्या इजेची वेदना यांच्या जोडीला आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने नोसिप्लास्टिक वेदना हा तिसरा प्रकार २०१७ मध्ये मान्य केला आणि २०२१ मध्ये त्याचे वैद्यकीय निकष प्रसिद्ध झाले: तीन महिन्यांहून अधिक काळ, एका बिंदूत न मावणारी, ऊतींच्या किंवा नसेच्या इजेने पूर्ण न उलगडणारी वेदना, तपासणीत आणि हकिगतीत अतिसंवेदनशीलता, शिवाय झोप, थकवा, आवाज-उजेडाचा त्रास यांसारखी साथ. या निकषांवर हे प्रकरण ‘संभव अधिक’ या वर्गात बसले. चकतीचा वाटा अजिबात नव्हता, असे मी म्हणणार नाही. २०११ ची उसण खरी होती, आणि तिथून येणारे निरोप पुढेही थोडेफार चालू असतील.

हे सगळे त्यांना कसे सांगावे, याचे मला दडपण होते. दुखणे मेंदूत आहे असे म्हटले की माणसाला ‘तुम्ही नाटक करता’ असे ऐकू येते. मी चेतापेशींचे चित्र काढून बोलत असताना त्यांनीच मला थांबवले. टिप्परच्या एअर ब्रेकच्या टाकीतला हवेचा दाब उतरला की केबिनमध्ये बझर वाजतो, आणि कधी कधी त्या बझरची तार उघडी पडून तो टाकी भरलेली असतानाही वाजत राहतो, असे ते म्हणाले. ‘टाकी भरलेली आहे, तरी बझर खरोखरच वाजतो. मला कानाला ऐकू येतो तो खोटा नसतो,’ हे त्यांचे शब्द. पत्नी शेजारी बसली होती. तिने पहिल्यांदाच होकारार्थी मान हलवली. पुढच्या तीन भेटींत मी त्यांच्याच बझरवर सगळे समजावले, मात्र एक फरक सांगून ठेवला: तार एकदा बदलली की काम होते, चेतासंस्था तशी एका दिवसात बदलत नाही, तिला पुन्हापुन्हा सुरक्षिततेचा अनुभव द्यावा लागतो.

उपचारांत सर्वांत आधी झोप घेतली. दुपारची दोन तासांची झोप बंद, उठण्याची वेळ रोज सहाची, आणि झोप येईपर्यंत अंथरुणावर पडून न राहणे. पहिले दोन आठवडे त्यांना फार जड गेले. औषधांसाठी त्यांना वेदना-व्यवस्थापन करणाऱ्या भूलतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी ट्रामाडॉल आणि प्रीगाबालिन टप्प्याटप्प्याने बंद करून ड्युलोक्सेटिन ३० मिलिग्रॅमपासून ६० पर्यंत नेले. हे औषध सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिनची उपलब्धता वाढवते. कंबरदुखीत त्याचा सरासरी फायदा माफकच असतो, पण नैराश्य होते आणि अडवणारे मार्गही दुबळे होते, म्हणून ते वापरून पाहणे योग्य वाटले.

चालणे सहा मिनिटांपासून सुरू केले, कारण सहा मिनिटे ते दुसऱ्या दिवशी न दुखता चालू शकत होते. नियम असा ठेवला की दुखले तरी सहाच मिनिटे आणि बरे वाटले तरी सहाच मिनिटे. दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा वाढवायचा. दुखण्याने ठरवण्याऐवजी घड्याळाने ठरवायचे. बरे वाटलेल्या दिवशी अंगणभर काम करून पुढचे चार दिवस आडवे पडण्याची त्यांची जुनी सवय मोडायला हा नियमच उपयोगी पडला. वाकणे, उचलणे हेही याच रीतीने: आधी रिकामी कळशी, मग अर्धी.

केबिनमध्ये बसण्याचा प्रयत्न मार्चमध्ये केला. शेजारच्या वाड्यावर एक जुना ट्रक उभा असतो, त्याच्या मालकाची परवानगी घेऊन आम्ही गेलो. इंजिन बंद होते. त्यांनी दाराची मूठ धरली, पायरीवर पाय ठेवला, आणि सीटवर बसण्याआधीच कंबरेत कळ आली. कपाळावर घाम आला. कंबरेवर अजून काहीही भार पडलेला नव्हता, हे त्यांना त्या क्षणी स्वतःलाच दिसले. आम्ही खाली उतरलो नाही, पायरीवरच थांबलो, आणि पाच-सात मिनिटांत ती कळ ओसरली. पुढच्या सहा वेळांत ते आत बसू लागले, मग इंजिन सुरू करून, मग गावच्या रस्त्याने एक फेरी. माझ्या समजुतीप्रमाणे या पायरीवरच्या सात मिनिटांनी जे काम केले ते माझ्या तीन भेटींतल्या बोलण्याने केले नव्हते.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. जूनमध्ये बँकेचे पत्र आले आणि आठवडाभर दुखणे पुन्हा मानेपर्यंत चढले. अशा वेळी काय करायचे याचा कागद आधीच लिहून ठेवलेला होता: चालणे निम्म्यावर आणायचे पण थांबवायचे नाही, अंथरूण धरायचे नाही, जादा गोळी घ्यायची नाही. त्यांनी तो कागद पाळला आणि दहा दिवसांत पूर्वपदावर आले.

सुरुवातीला त्यांना काय साध्य करायचे आहे असे विचारले होते, तेव्हा त्यांनी गाडीचे नाव घेतले नव्हते. चवथीला गणपतीवरची माटोळी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेली फळांनी सजवायची चौकट, बांधायची, एवढेच म्हणाले होते. घरची माटोळी पंधरा वर्षे त्यांनीच बांधली होती आणि २०१८ नंतर ती पुतण्याकडे गेली होती. स्टुलावर उभे राहून, हात डोक्यावर, मान मागे टाकून नारळ, सुपारीचे कातरे आणि रानातली फळे एकेक करून बांधायची. दुखऱ्या पाठीसाठी याहून अवघड स्थिती सुचणार नाही. जुलैपासून आम्ही त्याचाच सराव केला, आधी रिकाम्या दोरीने, मग अर्ध्या किलोच्या वजनाने. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी ती तीन संध्याकाळी थोडी थोडी करून बांधली. वजनदार नारळ पुतण्याने वर दिले.

चवथीनंतरच्या तपासणीत सरासरी वेदना दहापैकी आठवरून चारवर आली होती, चालणे ३५ मिनिटांवर गेले होते, इन्व्हेंटरीचे गुण ४३ होते. नायलॉनच्या तंतूची टोचणी आता दोनवरून चारवरच थांबत होती, अंगठ्याची सहनशक्ती वाढली होती, आणि पॅन्टचे बटण लावलेले होते. बर्फाच्या बादलीची चाचणी मात्र जवळजवळ पहिल्यासारखीच आली. ड्युलोक्सेटिन कमी करण्याचा विचार त्यामुळे आम्ही पुढे ढकलला आहे, आणि ती चाचणी दर तीन महिन्यांनी पुन्हा घेत आहोत.